सात किलोंचा हिशेब

गेलें वर्षभर आम्ही एका पिशवीच्या शोधांत होतों, हें सांगितलें तर वाचकांस हंसूं येईल. थोरल्या मुलीसाठीं स्थळ पाहतांना देखील आम्हीं इतके जोडे झिजविले नव्हते, असें आमच्या कुटुंबाचें म्हणणें आहे. आणि तें खोटें नाहीं, कारण कन्येनें आपलें स्थळ आपणच पाहिलें होतें. पिशवीस मात्र तशी बुद्धि नसते. ती पाठीवर घेणाऱ्यासच तिची पारख करावी लागते. पण ती पाठीवर घेणारा कोण, याच प्रश्नाशीं आमची खरी अडचण होती, आणि तें कळण्यास आम्हांस फार उशीर लागला.

आम्ही मुरबाडास येऊन आतां पंचवीस वर्षें होत आलीं. आठवडाभर महाविद्यालयांत इंग्रजी शिकवावें, आणि सुटीच्या दिवशीं माळशेजच्या वाटेवर किंवा शेजारच्या शहापूर तालुक्यांत तानसा-माहुलीच्या रानांत पक्षी पाहात हिंडावें, असा आमचा क्रम. आरंभीं दुर्बिणीवर आमचें समाधान होतें. पण १८८४ नंतर शंभरांहून अधिक वर्षें ज्याचा खात्रीचा पुरावा कोणास मिळाला नव्हता, तो रानपिंगळा १९९७ सालीं सातपुड्याच्या बाजूस पुन्हां सांपडला. आणि २०१४ सालीं तर तो आमच्या उंबरठ्यावर, तानसाच्या अभयारण्यांत, दिसल्याची नोंद झाली. मग मात्र आमचा धीर सुटला. वीतभर उंचीचें हें घुबड सागाच्या उंच फांदीवर बसलेलें असावें आणि आम्हीं तें छायाचित्रांत धरावें, या एका इच्छेपायीं भविष्यनिर्वाह निधींतून रक्कम काढून आम्हीं २०० ते ५०० मिलिमीटरचें टेलिफोटो भिंग विकत घेतलें.

या जातीच्या भिंगांचें वजन हा कारागिराचा दोष नव्हे. तें गणितच तसें आहे. ५०० मिलिमीटर लांबीच्या भिंगानें ५.६ इतकें तोंड उघडावयाचें, तर ५०० भागिले ५.६, म्हणजे सुमारें ९० मिलिमीटर रुंदीची कांच पुढें असावीच लागते. मोठी कांच म्हणजे मोठी नळी, आणि मोठी नळी म्हणजे मोठें ओझें. आमचें भिंग २ किलो ३०० ग्रॅमचें. त्यास साजेशी म्हणून एक भक्कम सॅकहि आम्हीं घेतली. तिला सतरा कप्पे होते, आणि ती फार उत्तम आहे असें आमचें ठाम मत होतें.

या भटकंतींत आमचा एक जुना विद्यार्थी नेहमीं सोबत असे. माळशेजच्या पायथ्याकडील एका ठाकरवाडींतला हा तरुण. पक्ष्यांचीं शास्त्रीय नांवें आम्हीं त्यास सांगावीं आणि पक्षी त्यानें आम्हांस दाखवावे, अशी वांटणी होती. दिवसाची मजुरी आम्ही न चुकतां देत असूं. सकाळीं गाडींतून उतरतांच तो सॅक पाठीवर चढवी, आणि आम्ही गळ्यांत दुर्बीण अडकवून पुढें चालूं लागूं. असें सहा वर्षें चाललें.

सॅकविषयींच्या आमच्या मताची पहिली परीक्षा विमानतळावर झाली. दोन वर्षांपूर्वींच्या हिवाळ्यांत आम्ही हरगिला पाहण्यासाठीं गुवाहाटीस निघालों. हरगिला म्हणजे बगळ्यासारख्या लांब पायांचा, टकलाचा, गळ्याशीं पिशवी लोंबत असलेला प्रचंड करकोचा. जगांतून तो झपाट्यानें कमी होत असतां कामरूप जिल्ह्यांतील दादरा गांवच्या स्त्रियांनीं पूर्णिमादेवी बर्मन यांच्या पुढाकारानें त्याचीं घरटीं राखलीं, हें आम्हीं वाचलें होतें. घरापासून विमानतळापर्यंत सॅक गाडींत होती. गाडींतून उतरल्यावर ती ढकलगाडीवर गेली. खिडकीशीं बसलेल्या मुलीनें ती कांट्यावर ठेवावयास सांगितली. आंकडा आला ९ किलो ८०० ग्रॅम. "सर, हातांतलें सामान सातच किलो," असें ती फार गोड आवाजांत म्हणाली. मागें रांग वाढत होती. आम्हीं घाईघाईनें जादा बॅटऱ्या काढून खिशांत घातल्या, आणि सॅक मालाच्या पट्ट्यावरून निघून गेली.

गुवाहाटीस ती परत हातीं आली तेव्हां वरून कांहीं कळलें नाहीं. रात्रीं उघडून पाहतों तों भिंगाचें कॅमेऱ्याशीं जुळणारें कडें वांकलेलें! दोष कोणाचा, हें ठरविण्यांत आम्हीं वेळ घालविला नाहीं. दुसऱ्या दिवशीं दादऱ्यास गेलों. हरगिला उभा राहिला म्हणजे जवळजवळ पांच फूट भरतो. कदंबाच्या झाडावर तो बसला होता, आणि तो दिसण्यास भिंगाचीच काय, दुर्बिणीचीहि गरज नव्हती. आम्ही तास दीड तास नुसतें पाहात राहिलों. खंत मात्र पुरती गेली नाहीं, हेंहि येथें कबूल केलें पाहिजे.

घरीं परतल्यावर स्वयंपाकघरांतील कांटा मध्यें ठेवून हिशेबास बसलों. भिंग २ किलो ३००. कॅमेरा ८६०. धाकटें भिंग ५००. दुर्बीण ७००. लॅपटॉप व त्याचा चार्जर १ किलो ७००. बॅटऱ्या आणि किरकोळ सामान ५००. एक पुस्तक ३४०. बेरीज ६ किलो ९०० भरली. म्हणजे सामान सातांत बसत होतें! मग ९ किलो ८०० कोठून आले? आमच्या कुटुंबानें रिकामी सॅक उचलून कांट्यावर ठेवली. ती एकटी २ किलो ९०० ग्रॅमची होती.

"अहो, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच!" असा शेरा मारून त्या आपल्या कामास गेल्या.

त्या एका वाक्यांत या विषयाचें अर्धें शास्त्र आलें आहे. बहुतेक देशी विमानांत हातांतल्या सामानास मर्यादा ७ किलोंची. लांबी, रुंदी व जाडी साधारणपणें ५५, ३५ आणि २५ सेंटिमीटर, एकूण ११५. तेव्हां सॅकचे कप्पे मोजण्यापूर्वीं तिचें रिकामें वजन विचारावें. चाकांची पेटी पाठीस सुखाची खरी, पण तिचें वजन चार किलोंच्या आसपास गेलें म्हणजे सातांतून भिंगास काय उरलें? दुसरी गोष्ट बॅटऱ्यांची. सुट्या लिथियम बॅटऱ्या मालाच्या कोठारांत चालत नाहींत. तेथें एखादी पेटली तर विझविण्यास कोणाचा हात पोंचत नाहीं. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या परवानगीवांचून जवळ नेतां येतात. कॅमेऱ्याची बॅटरी पंधरा वॅट-तासांच्या घरांत असते. तीं टोंकें झांकून वेगळ्या थैलींत ठेवावीं. तिसरी गोष्ट, लहान पंख्यांच्या विमानांत वरचे कप्पे अरुंद असतात आणि सॅक दाराशींच काढून घेतात. यास्तव आंतली गादीची पेटी भिंगासकट अलगद निघेल अशी असावी. सॅक गेली तर जाऊं द्यावी, पेटी मांडीवर घ्यावी.

इतकें ज्ञान घेऊन आम्ही मुंबईस फोर्टांतल्या बोरा बाजारांत गेलों. कॅमेऱ्याच्या दुकानांची ही जुनी गल्ली. दुकानदारांनीं नाना सॅका पुढें मांडल्या. पण वजन विचारलें कीं ते कापडाचा चिवटपणा सांगत. आम्ही रिकाम्या हातांनीं परतलों, आणि सहज एके दिवशीं त्या तरुणास विचारलें, "कां रे, जुनी सॅक तुला कशी वाटली?"

तो थोडा थांबून म्हणाला, "वाईट नव्हती, सर. पण भिंग बाहेरच्या अंगास राही, म्हणून ती मागें ओढायची. कमरेचा पट्टा नुसता शोभेचा. बांधला कीं हाडाला लागे. चढावर दोन्ही खांदे भरून येत."

"मग सहा वर्षांत एकदांहि बोलला नाहींस?"

"सॅक तुमची होती, सर."

आम्ही निरुत्तर झालों. सॅक आमची होती हें खरें. तिजविषयींचें मतहि आमचेंच होतें. पाठ मात्र त्याची होती. विमानतळाच्या कांट्यावर आम्हांस जे ९ किलो ८०० ग्रॅम पहिल्यानें भेटले, ते त्याच्या ओळखीचे फार दिवसांचे होते. मजुरी दिली म्हणजे वजनाची चौकशी करण्याचें कारण उरत नाहीं, असें आम्हीं न बोलतां धरून चाललों होतों. आमच्याच तालुक्यांतून नाणेघाटाची वाट वर जुन्नराकडे जाते. घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीचें नाणें त्यांत पडे असें परंपरा सांगते. गुहेंतल्या सातवाहनांच्या लेखांत नागनिका राणीच्या काळच्या यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. गाईंचे, घोड्यांचे, कार्षापणांचे आंकडे आहेत. तो लेख आम्हीं दरवर्षीं विद्यार्थ्यांस हौसेनें दाखविला आहे. पण कोंकणांतला माल ज्या पाठींवरून तो घाट चढला, त्या पाठींचा आंकडा कोठें आहे, हें विचारण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं.

पुढच्या रविवारीं आम्ही दोघेहि बोरा बाजारांत गेलों. सोबत सारें सामान नेलें होतें. दुकानदार आमच्याशीं बोलत होता, आणि सामान भरलेली एकेक सॅक पाठीवर घेऊन हा जिना चढत-उतरत होता. चार सॅका त्यानें मान हालवून परत केल्या. वाडींतल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी आणतात, तेव्हां भार सरळ कण्याच्या रेषेंत उतरतो. पाठीवरच्या ओझ्यासहि तोच न्याय, असें तो म्हणाला. भिंग पाठीला चिकटून उभें राहावें आणि वजन खांद्यांवर न लोंबतां कमरेच्या हाडांवर बसावें. पांचवी सॅक अशी निघाली. दिसण्यांत साधी, कप्पे तीन, उघडण्याची चेन पाठीच्या बाजूस, उंची ५० सेंटिमीटर, आणि रिकामें वजन १ किलो ४०० ग्रॅम. लॅपटॉप घरीं ठेवावयाचा आणि पुस्तक कोटाच्या खिशांत घालावयाचें, असें ठरलें. एकूण भरलें ६ किलो २६० ग्रॅम.

गेल्या हिवाळ्यांत, भिंग दुरुस्त होऊन आल्यावर, आम्ही पुन्हां गुवाहाटीस गेलों. विमानतळावर खिडकीशीं छाती पुढें काढून उभे राहिलों. पण त्या दिवशीं कोणीं सॅकचें वजनच केलें नाहीं! वर्षभराच्या अभ्यासाची परीक्षाच रद्द व्हावी, तसें आम्हांस वाटलें. मात्र या वेळीं ढकलगाडी न घेतां आम्ही सॅक पाठीवर घेऊन दारापासून विमानापर्यंत चाललों, आणि ६ किलो २६० ग्रॅम म्हणजे काय, तें पन्नाशी उलटल्यावर प्रथमच आमच्या कमरेस कळलें.

परत आल्यावर माहुलीच्या रानांत गेलों. सॅक आम्हींच घेतली. तो कांहीं बोलला नाहीं. पण पहिला चढ निम्मा झाला आणि आम्ही धापा टाकीत एका दगडावर बसलों, तेव्हां तो हात पुढें करून म्हणाला, "द्या, सर." आम्हीं सॅक दिली नाहीं. चेन उघडून भिंग आणि कॅमेरा तेवढा त्याच्या हातीं दिला, आणि उरलेलें घेऊन उठलों. त्याच्या वांट्यास तीन किलोंवर थोडें आलें, आमच्याहि वांट्यास तितकेंच. थोडें पुढें जातों न जातों तोंच भारद्वाज झाडींतून बाहेर आला. भिंग ज्याच्या खांद्यावर होतें त्यानें तें उचललें, आणि आमची दुर्बीण डोळ्यांस लागेपर्यंत त्याचें छायाचित्र झालें होतें.

तेव्हांपासून आमच्यांत नियम आहे: ज्याच्या खांद्यावर भिंग, पहिलें छायाचित्र त्याचें. हा नियम आमच्या फायद्याचा ठरलेला नाहीं. त्याचीं चित्रें आमच्याहून सरस येतात, आणि चढावर भिंग आपण होऊन मागण्याइतकी आमची कंबर अजून तयार झालेली नाहीं. रानपिंगळा मात्र दोघांसहि अद्याप दिसावयाचा आहे.