बालवाडीचे निळे फाटक



आमच्या मंडळीच्या हॉलमध्ये सोमवार ते शुक्रवार बालवाडी भरते. खुर्च्या भिंतीला लावायच्या, सतरंज्या अंथरायच्या, आणि शनिवारी उपासनेसाठी सगळे पुन्हा जागेवर. मुले वीस. घरी कोणी मराठी बोलतो, कोणी कन्नड, कोणी उर्दू; खेळताना तिन्हींची खिचडी होते. निम्मी मुले आपल्या मंडळीतली नाहीत, त्यामुळे बालवाडी चालवावी की बंद करावी हा विषय कमिटीत दरवर्षी निघतो. यंदाही निघाला आहे. तरीसुद्धा, किंवा म्हणूनच, जे घडले ते लपवू नये असे आम्हाला वाटते.

"आपले गाव" हा आठवडा होता. चित्रे दाखवून झाली, मग मुलांना बेळगावचा किल्ला दाखवायचे ठरले. आम्ही चौघीजणी, तयारी अगदी कसून केलेली. खंदक, दरवाजाजवळची गणपती आणि दुर्गेची देवळे, 1204 सालची कमल बस्ती, 1519 सालची सफा मशीद, 1892 मध्ये विवेकानंद राहून गेले तो बंगला, जिथे आता आश्रम आहे. चार वर्षांच्या मुलांना सालांचे काय! पण सांगायची हौस आमचीच. कमल बस्तीच्या छतातले दगडी कमळ मात्र सगळ्यांनी माना दुखेपर्यंत पाहिले. "हे फूल खाली पडलं तर?" एका मुलीने विचारले. उत्तर आम्हाला सुचले नाही.

परतताना मुले दोरी धरून चालत होती. दरवाजातून बाहेर पडून तलावाच्या रस्त्याला लागलो, तेव्हा त्याच मुलीने दोरीचे रिकामे टोक वर धरून दाखवले. मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली. एकोणीसच.

पुढची वीस मिनिटे कशी गेली ते लिहवत नाही. आम्ही लगेच प्रार्थनेला लागलो असे लिहायला बरे वाटले असते. खरे हे, की आधी आम्ही एकमेकींवर ओरडलो. "शेवटी तू होतीस ना?" "मोजायचं तुझ्याकडे होतं!" मग दोघी मुलांपाशी थांबल्या आणि दोघी धावल्या, एक किल्ल्यात आणि एक तलावाकडे.

तो सापडला उसाच्या रसाच्या गाड्यावर. गाडेवाल्या मावशींनी त्याला स्टुलावर बसवले होते, हातात अर्धा ग्लास रस. "रोज आईबरोबर येताना मला टाटा करतोय की," त्या म्हणाल्या. "कुठं चाललास विचारलं तर म्हणतो घुंगराचं मशीन, मग टायर, मग निळं फाटक. तुमचंच पोर म्हणून धरून ठेवलं. मोजून न्यायला नको व्हय?"

चरकाच्या घुंगरांचा आवाज ऐकून त्याने दोरी सोडली होती. घुंगरू, पुढे पंक्चरवाल्याची टायरची थप्पी, आणि मग निळे फाटक. ते फाटक आमचे. तो हरवला नव्हता, बालवाडीकडेच निघाला होता. मधला वाहता रस्ता आठवला की अजून अंगावर काटा येतो.

आम्ही त्याला किल्ल्याचे साल शिकवत होतो, आणि तो रोज कोणत्या खुणांवरून आमच्यापर्यंत येतो हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच वर्ग भरवला. "अंगणवाडी" हा शब्द आम्ही रोज उच्चारतो. आमच्या मुलांची अंगणे आम्ही पाहिलेली नाहीत.

शंभर मेंढरांचा दाखला आम्ही शब्बाथशाळेत फ्लॅनेलच्या फळ्यावर किती वेळा लावला असेल! (त्यातल्या एका मेंढराचा पाय केव्हाच तुटला आहे.) दर वेळी आम्ही नकळत मेंढपाळाच्या बाजूला उभ्या. पण त्याने कळप मोजला होता. एक कमी आहे हे त्याला आपले आपण कळले, मेंढराने सांगावे लागले नाही.

संध्याकाळी प्रश्न पडला, आईला सांगायचे का? मूल तर सुखरूप आहे, आणि बातमी कमिटीपर्यंत गेली तर बालवाडीला टाळेच. एकीचे मत तसे होते, आणि ते मत खोटेपणाचे नव्हते, वीस मुलांच्या काळजीचे होते. तरी आम्ही चौघी त्याच्या घरी गेलो. आई नुकतीच धुण्याभांड्याच्या कामावरून आली होती. तिने सगळे ऐकून घेतले, मुलाला जवळ ओढले आणि एवढेच म्हणाली, "बरं केलं सांगितलं." आम्हाला बसा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

सोमवारी आली दोघे. तो आत पळाला, ती निळ्या फाटकापाशी थांबली आणि येणाऱ्या मुलांना बोटांवर मोजू लागली. कामाला उशीर होत असणार, तरी विसावे मूल येईपर्यंत हलली नाही.

कमिटीची सभा येत्या रविवारी आहे. हे सगळे आम्ही तिथेही वाचून दाखवणार आहोत. पुढच्या फेरीला पाच मुलांमागे एक नव्हे, चार मुलांमागे एक मोठे माणूस हवे, म्हणजे आणखी एक जण लागेल. ज्यांना जमेल त्यांनी उपासनेनंतर सांगावे.