तुझी मुलं चुकत कशी नाहीत?

बी.एड. दुसऱ्या वर्षी सोडून द्यायचं, असं माझं जवळजवळ ठरलं होतं. दिवसभर शाळा, संध्याकाळी टाचणं, रात्री शैक्षणिक साधनांसाठी कार्डशीट कापत बसायचं, आणि मध्ये कुठंतरी कृतिसंशोधनाचा अहवाल. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि आंतरवासिता लांबली. दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत. कल्पना चांगलीच आहे. पण वह्या-फायलींचा पसारा कमी करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

पहिल्या वर्षीचं सूक्ष्म अध्यापन मला आवडायचं. ६ मिनिटं, एकच कौशल्य, समोर आपल्याच मैत्रिणी शहाण्या मुलांसारख्या बसलेल्या. मग प्रत्याभरण, १२ मिनिटांत नवं नियोजन, पुन्हा ६ मिनिटं. सातवीच्या खऱ्या वर्गात मात्र 'सज्जता प्रवर्तन' आटोपायच्या आतच मागच्या बाकावर कंपासपेटीवरून जुंपलेली असे.

टाचणात 'विद्यार्थी कृती' असा रकाना असतो. उद्या मुलं काय करतील ते आज आपणच लिहायचं. मी लिहायचे : विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात. विद्यार्थी अचूक उत्तर देतात. खाली मार्गदर्शकांची सही.

शाळेतल्या गणिताच्या सरांनी मधल्या सुट्टीत ती वही चाळली. "काय गं, तुझी मुलं चुकत कशी नाहीत?"

मला रागच आला. त्या रात्री चिडूनच रकान्यात चुका भरल्या. −३ − ५ : काही जण −२ म्हणतील, काही ८.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी ठणकावून म्हणाली, "आठ! दोन वजा आले की अधिक होतं, मॅडम." गुणाकाराचा नियम वजाबाकीत घुसला होता. मी फळ्यावर संख्यारेषा काढली, तिच्या हातात खडू दिला. शून्यापासून तीन घरं डावीकडे, अजून पाच काढायचेत, आता कुणीकडे? ती बोटानं मोजत −८ वर आली, आणि वळून म्हणाली, "मग तो नियम कुठं वापरायचा?" तेवढ्यात घंटा झाली.

सोडायचा विचार त्यानंतरही गेला नाही. फक्त हिशेब वेगळा मांडला. बी.एड. पुरं करणं आणि शिक्षिका होणं, हे दोन प्रश्न मी एकाच गाठोड्यात बांधले होते. शिक्षिका व्हायचं तर पुढं टीईटी ही पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, निवड झालीच तर तीन वर्षं मानधनावर शिक्षणसेवक. माध्यमिकला मानधन २०२३ मध्ये ८,००० वरून १८,००० झालं, एवढाच दिलासा. हे सगळं डोक्यावर घेऊन मी रोजचं टाचण लिहीत होते. ते ओझं उतरवून ठेवलं. रंगीत पेनानं समास आखणंही बंद केलं. त्यापायी गुण गेले तर जावोत.

फायली जमा झाल्या, आता परीक्षा तेवढी राहिली आहे. टीईटीचा फॉर्म भरायचा की नाही, ते अजून ठरत नाही. आईला मात्र भरला म्हणून सांगितलंय.