बारा हजार आणि तुझी सनद

प्रिय सायली,


सनद मिळून दीड वर्ष झालं, फोर्टच्या ऑफिसात महिन्याला 12 हजार मिळतात, आता ऑफिस बदलू का, असं तू विचारलंस. दादा म्हणतो, सुरुवातीला सगळ्यांनाच कमी मिळतं, टिकून राहा. मला ते पटत नाही. 12 हजार कमीच आहेत, आणि तसं म्हणताना तू संकोचू नकोस.

15 ऑक्टोबर 2024 ला बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं: शहरात ज्युनिअरला दरमहा किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार विद्यावेतन द्यावं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, म्हणून बरीच ऑफिसं तिकडे बघतही नाहीत. त्यातून वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही असा कौन्सिलचाच नियम. त्यामुळे तुला मिळतं तो पगार मानलाच जात नाही, आणि दाद मागायची म्हटलं तर कुठे, हा प्रश्न उरतो.

तू मुलुंडला आईवडिलांच्या घरी राहतेस म्हणून निभतं. लातूरहून किंवा धुळ्याहून आलेल्या मुलीने बोरिवलीत कॉटचं भाडं, डबा आणि लोकलचा पास यात कसं भागवायचं? 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सनदीचं नोंदणी शुल्क कायद्यातल्या 750 रुपयांवर आणलं, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. फार मोलाचा निकाल. पण सनद घेतलेली ती मुलगी दोन वर्षांत गावी परतली, तर कोर्टात उरतात ती घरून पैसे येणारीच.

अशा वेळी कुणी ना कुणी बाबासाहेबांचं उदाहरण देतं. त्यांनी 1923 मध्ये मुंबईत वकिली सुरू केली आणि पुढे प्रपंचासाठी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, हे खरं. पण कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेल्या त्या बॅरिस्टरला सॉलिसिटर कामं देत नव्हते, ते जातीमुळे. तो अन्याय होता. त्याला उमेदवारी म्हणून गौरवायचं आणि ज्युनिअरला गप्प बसवायचं, याचा मला संताप येतो.

तरी केवळ पैशासाठी ऑफिस सोडू नकोस. गेल्या सहा महिन्यांतली तुझी डायरी काढ. कितीदा नुसती तारीख घेतलीस, रजिस्ट्रीतली ऑब्जेक्शनं काढलीस, आणि कितीदा स्वतः उभी राहून बोललीस? तू लिहिलेल्या दाव्यावर सरांनी लाल पेनाने खुणा केल्या का? एखाद्या साक्षीदाराचा उलटतपास, छोटा का होईना, तुझ्या हाती आला का? हे होत असेल तर आणखी वर्षभर थांब. तिथे शिकायला मिळतंय. होत नसेल तर निघ, मग त्यांनी 5 हजार वाढवून दिले तरी.

जायचं कुठे? मोठ्या फर्मचा पगार खूप जास्त असतो, पण तिथे कोर्टात उभं राहायला वर्षं जातात. तुला खटले चालवायचे आहेत. नगर दिवाणी न्यायालयाची मर्यादा 2024 मध्ये एक कोटीवरून दहा कोटींवर गेल्यापासून उच्च न्यायालयाकडे जाणारे बरेच दावे आता तिथे दाखल होतात. दिंडोशीला त्याच न्यायालयाची कामं चालतात. उपनगरातल्या चांगल्या दिवाणी वकिलाकडे तुला लवकर उभं राहायला मिळेल.

सोडलंस तर मे महिन्याच्या सुट्टीत सोड, म्हणजे चालू मॅटर कुणाकडे तरी नीट सोपवता येतील. पक्षकारांना फोन करून आपल्याकडे ओढू नकोस, फाइल घरी आणू नकोस. वर्षभरात टीडीएस कापला गेला असेल तर विवरणपत्र भर. एवढ्या उत्पन्नावर तो परत मिळतो.

आणि त्याआधी सरांकडे एकदा थेट माग. त्यांची वेळ घे, परिपत्रकाची प्रत सोबत ने आणि 20 हजार हा आकडा स्वतःच्या तोंडाने सांग.

तुझी,
आत्या
घाटकोपर