पाहुण्याला पडद्याची ओळख

"सर, खालचं बटणच दिसत नाही." तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळेचा कारभार पाहत असताना दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास, नव्या तुकडीने व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटूची पहिली स्थापना केली की, हे वाक्य मी न चुकता ऐकत आलो आहे. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक जागा होताना पाहून ज्या मुलाचे डोळे क्षणापूर्वी विस्फारले होते, त्याच मुलाला आता 800 × 600 ठिपक्यांच्या अरुंद चौकटीत सारा व्यवहार उरकावा लागतो. सेटिंग्जची खिडकी पडद्याखाली लोंबते, आणि ज्या बटणावर सारी मदार ते नेमके त्या न दिसणाऱ्या भागात राहते. मी त्याला प्रथम तात्पुरती तोड सांगतो, की सुपर कळ, म्हणजे विंडोजची खूण असलेली कळ, दाबून धर आणि खिडकी माऊसने हवी तेथून पकडून वर ओढ. पण त्याच्या मनात घर करून बसलेली समजूत, की आपल्या हातून स्थापनेत काही बिघडले, ती दूर करणे मला त्याहून अगत्याचे वाटते, कारण या बाबतीत बहुधा काहीच बिघडलेले नसते.

खऱ्या यंत्रात पडदा स्वतःची ओळख स्वतःच देतो. एडिड नावाचा जो किमान 128 बाइटांचा छोटासा दाखला प्रत्येक मॉनिटर तारेवाटे ग्राफिक्स कार्डाच्या स्वाधीन करतो, त्यात निर्मात्याच्या खुणेपासून पसंतीच्या रेझोल्यूशनपर्यंत आवश्यक त्या नोंदी असतात, आणि त्या वाचूनच ऑपरेटिंग सिस्टीम चित्राचे मोजमाप ठरविते. आभासी यंत्रातल्या पाहुण्या सिस्टीमची गोष्ट वेगळी. तिच्यासमोरचा पडदा म्हणजे यजमान संगणकावरील एक खिडकी, आणि ती तर माणूस कोपऱ्याला धरून घटकेघटकेला लहानमोठी करणार. अशा पडद्याचे मोजमाप कोणी कळविले नाही, तर पाहुणा सर्वांत सुरक्षित अशा जुन्या मापाचा आश्रय घेतो. 640 × 480 हे माप आयबीएमने 1987 साली आपल्या पीएस/2 यंत्रांबरोबर आणलेल्या व्हीजीएचे, आणि 800 × 600 हे ज्याच्या प्रमाणीकरणासाठी 1989 साली व्हेसा ही संस्था उभी राहिली त्या सुपर व्हीजीएचे. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याच्या जन्मापूर्वीची ही मापे अपरिचिताशी बोलण्याची सामायिक भाषा म्हणून अजून अंमलात आहेत. पाहुण्याने त्यांचा अवलंब करावा यात मला त्याचा सावधपणाच दिसतो.

येथे बहुतेक नवशिके एका चुकीच्या वाटेला लागतात. उजवी कंट्रोल कळ आणि सी ही जोडी दाबली की चित्र ताणले जाऊन सारी खिडकी भरून टाकते, आणि मुलांना वाटते की काम झाले. (या अवस्थेत मेनूची पट्टी नाहीशी होत असल्याने परतीची वाट सापडेना म्हणून घाबरलेले कित्येक मी पाहिले आहेत, तीच जोडी पुन्हा दाबावी, एवढेच.) पण ताणणे आणि वाढविणे या भिन्न क्रिया आहेत. 800 × 600 म्हणजे 4,80,000 ठिपके, 1920 × 1080 म्हणजे 20,73,600. थोडीथोडकी माहिती सव्वाचार पट क्षेत्रावर पसरली, तर आकार वाढतो, तपशील वाढत नाही. रोमन लिपीत हे एक वेळ खपून जाते. आपल्या देवनागरीत मात्र 'सर्वांना' या एका शब्दात रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसतात, आणि ताणलेल्या चित्रात ते एकमेकांत मिसळून शिरोरेषेवर एक काळपट डाग तेवढा उरतो. विद्यार्थ्यांना मी हा शब्द मुद्दाम टंकित करून पाहायला लावतो, कारण अस्पष्टता म्हणजे काय हे मातृभाषेच्या अक्षरांइतके दुसरे काही पटवून देत नाही.

दुसरी चूक मी स्वतः पुष्कळ दिवस शिकवीत होतो, आणि तिचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. व्हिडिओ मेमरी 16 मेगाबाइट दिसली की ती 128 करा, असे मी बेधडक सांगत असे. पुढे एकदा एका विद्यार्थिनीने फळ्यावर हिशेब मांडला: प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले, तरी 1920 × 1080 च्या एका पडद्याला 82,94,400 बाइट, म्हणजे सुमारे आठ मेगाबाइट पुरतात. मग सोळा अपुरे कसे? तिचा प्रश्न रास्त होता. एकाहून अधिक पडदे किंवा त्रिमितीय चित्रण हवे असेल तर वाढीव मेमरी जरूर द्यावी, आणि ती यंत्र पूर्ण बंद करूनच देता येते. पण ज्या पाहुण्याला पडद्याचे मापच ठाऊक नाही, त्याला अधिक जागा देऊन ते माप कळत नाही.

ते कळविण्याची तजवीज म्हणजे गेस्ट ॲडिशन्स. हा आज्ञावलींचा संच यजमानाच्या बाजूला नव्हे, पाहुण्याच्या आत बसवावयाचा असतो, आणि हीच गोष्ट ध्यानात न राहिल्यामुळे अनेकजण त्याऐवजी एक्स्टेन्शन पॅक उतरवून घेतात, जो यजमानाकडील निराळ्या सोयींसाठी आहे आणि ज्याचा या प्रश्नाशी काडीचाही संबंध नाही. यंत्र चालू असताना वरच्या डिव्हायसेस मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी आत घालावी. पाहुणा विंडोज असेल तर पुढचे काम दोनचार होकारांत आटोपते. लिनक्स असेल तर मात्र पूर्वतयारी लागते: संचातील काही भाग चालू कर्नलशी जुळवून जागच्या जागीच घडवावे लागतात, म्हणून बिल्ड-एसेन्शियल, डीकेएमएस आणि त्याच कर्नलची हेडर्स आधी बसवावीत, मगच सीडीवरील लिनक्ससाठीची फाइल रूटच्या अधिकाराने चालवावी, आणि शेवटी यंत्र पुन्हा सुरू करावे. हेडर्स विसरल्याने अर्ध्यावर थांबलेली स्थापना माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे, की आता मी कोणतीही चौकशी करण्यापूर्वी पडद्यावरचा संदेश मोठ्याने वाचायला सांगतो. कारण बहुधा त्यात लिहिलेले असते आणि विद्यार्थ्याने ते वाचलेले नसते. कर्नल बदलल्यावर एखाद्या सकाळी चौकट पुन्हा आक्रसलेली दिसली, तरी हेडर्स नसणे हेच कारण असण्याचा संभव अधिक.

संच बसला की पाहुण्यात एक सेवा जागी राहते. खिडकीचे माप बदलताच यजमान ते तिला कळवितो, आणि ती चित्रण-व्यवस्थेकडून नवे रेझोल्यूशन मागून घेते. व्ह्यू मेनूतील, पाहुण्याचे चित्र आपोआप जुळविण्याचा जो पर्याय आजवर फिकट दिसत होता, तो आता ठळक होतो. एवढ्यानेही भागले नाही तर डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स कंट्रोलर तपासावा: लिनक्सला व्हीएमएसव्हीजीए, विंडोज 7 व पुढच्यांना व्हीबॉक्सएसव्हीजीए. व्हीएमवेअर वापरणाऱ्या लिनक्सवाल्यांनी याच कामासाठी ओपन-व्हीएम-टूल्सचा डेस्कटॉप भाग बसवावा, केव्हीएमवर स्पाइस वापरणाऱ्यांनी स्पाइस-व्हीडीएजंट. नावे निराळी, निरोप्याचे काम तेच.

मुलांनी या क्रमाची घोकंपट्टी करावी असे मला वाटत नाही. कोणाला काय ठाऊक नाही, हा एक प्रश्न त्यांनी प्रथम विचारावा, एवढीच माझी इच्छा असते. ज्याने तो विचारला, त्याला मेनूची नावे पुढच्या आवृत्तीत बदलली तरी अडचण पडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

तुम्ही हे प्रथमच करीत असाल, तर आरंभापूर्वी यंत्राचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा. सारे झाल्यावर खिडकीचा उजवा खालचा कोपरा धरून सावकाश ओढा. आतली कामाची जागाही तिच्याबरोबर रुंदावत गेली आणि 'सर्वांना'वरचा रफार अनुस्वारापासून सुटा दिसला, तर तुमचे काम झाले आहे.