एफ-फाइव्ह म्हणजे पेमेंट

शॉर्टकट पाठ करून घेतले की माणूस ते वापरतो, अशी माझी बरीच वर्षं पक्की समजूत होती. एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सची लाट आली त्या काळात मी जालन्यात एका क्लासवर शिकवायला लागलो. बदनापूर, अंबड, भोकरदनहून पोरं एसटीनं यायची. नोकरीसाठी सर्टिफिकेट लागतं म्हणून आलेले गुरुजी आणि ग्रामसेवकही असायचे. भिंतीवर मी मोठा तक्ता लावला होता. कंट्रोल-सी कॉपी, कंट्रोल-व्ही पेस्ट, तिथपासून खाली पार एफ-ट्वेल्व्हपर्यंत. त्याची तोंडी परीक्षाही घ्यायचो. पोरं पाढे म्हणावेत तसा तक्ता घडाघडा म्हणून दाखवायची आणि लगेच माउस धरून एडिट मेनू उघडायची.

मी त्याला आळस म्हणायचो, आणि मनातच नाही, तोंडावर. वयानं मोठ्या असलेल्या एका गुरुजींना तर सगळ्यांसमोर म्हणालो, "गुरुजी, शाळेत पोरांकडून पाठांतर करून घेता, मग स्वतःचं काय?" ते हसले. पण त्यानंतर मी मागे जाऊन उभा राहिलो की त्यांचे दोन्ही हात मांडीवर जायचे. मी पुढे सरकलो की परत कीबोर्डवर.

कारण कळायला उशीर झाला. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून कंट्रोल-ए दाबलं गेलं होतं आणि पाठोपाठ कुठलंसं एक अक्षर. टाइप केलेला अख्खा अर्ज गेला, त्याच्या जागी ते एकटं अक्षर उरलं. त्यांनी कुणाला न सांगता पहिल्यापासून टाइप केला. मेनूत नाव वाचून क्लिक करता येतं, नको असेल तर मागे फिरता येतं. शॉर्टकट काही विचारत नाही, करून मोकळा होतो. अशा माणसाला सगळ्यात आधी कंट्रोल-झेड द्यायला हवं होतं. माझ्या तक्त्यात ते तळाशी होतं, ट्यूबलाइटचा उजेड पोचत नव्हता तिथं. या चार चाव्या, झेड, एक्स, सी, व्ही, ॲपलनं 1983 च्या लिसा कॉम्प्युटरवर शेजारीशेजारी बसवल्या आणि त्यांत चूक मागे घेण्याची चावी कोपऱ्यात सगळ्यात सोप्या जागी आहे, हे मी वर्गात सांगायचो. गोष्ट म्हणून सांगायचो, तिचा उपयोग मला सुचला नव्हता.

पुढे क्लास सोडून मी मोंढ्यातल्या आडतींची हिशोबाची कामं घ्यायला लागलो आणि तिथं माझा तक्ता साफ खोटा ठरला. ज्या मुनीमजींनी कुठल्या क्लासचं तोंड पाहिलं नव्हतं, ज्यांना वर्डमध्ये सेव्ह कसं करतात ते विचारावं लागायचं, ते टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसला हात लावत नव्हते. एफ-फाइव्ह पेमेंट, एफ-सिक्स रिसीट, एफ-एट सेल्स, एफ-नाइन पर्चेस. एन्ट्री करता करता नवी पार्टी निघाली की तिथल्या तिथं ऑल्ट-सी दाबून लेजर उघडायचं आणि पुढे चालायचं. बाहेर सोयाबीनच्या पोत्यांवर हमालांची आरडाओरड, एका हातात काटापट्टी, आणि दुसऱ्या हाताची बोटं वरच्या रांगेवर न बघता फिरतायत.

त्यांना हे कुणी शिकवलं? पडद्यानंच. टॅलीत उजव्या बाजूला पट्टी असते आणि त्या क्षणी चालणाऱ्या चाव्या तिच्यात नावासकट लिहिलेल्या असतात. पेमेंट करायचं असतं तेव्हाच समोर एफ-फाइव्ह दिसतो. दिवसभर तेच काम, तीच चावी. काही दिवसांनी नजर पट्टीकडे जायची बंद होते. वर्डमध्येही मेनूत कॉपीच्या पुढे कंट्रोल-सी छापलेलं असतं, पण ते दिसेपर्यंत माउस मेनूत पोचलेला असतो. मग क्लिक सोडून कीबोर्डवर कोण येणार?

नंतर वाचनात आलं की कॅरल आणि रॉसन या दोन संशोधकांनी 1987 मध्येच हे मांडून ठेवलंय: माणसाला हातातलं काम उरकायचं असतं, चांगली पद्धत शिकायला तो थांबत नाही, पुढे वेळ वाचणार असला तरीही. 2005 च्या एका अभ्यासात वर्ड वापरून मुरलेल्या 251 लोकांना विचारलं, तर त्यांतलेही बहुतेक आयकॉनवरच अडकलेले निघाले. म्हणजे अनुभवानं शॉर्टकट आपोआप येतात हेही खरं नाही. माझे गुरुजी एकटे नव्हते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. मुनीमजींपेक्षा माझा हात जलद आहे हे दाखवायची खुमखुमी. टॅलीत कंट्रोल-ए दाबलं की उरलेले रकाने न फिरता व्हाउचर मंजूर होतं. एका आडतीवर तुंबलेल्या रिसीट मी अशाच सटासट मारल्या. टॅली आजची तारीख आपणहून धरत नाही, आधीच्या एन्ट्रीची तारीख पुढे चालवते, ती एफ-टूनं बदलावी लागते. मी बदलली नाही. सगळा पैसा मागच्या महिन्यात जमा झाला. संध्याकाळी दिवसाच्या जमेची बेरीज जुळेना. मी सॉफ्टवेअरला दोष देत बसलो, मुनीमजींनी कच्ची वही काढली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत तारीख पकडली. "सर, तुमचा हात लई पळतो," एवढंच म्हणाले. एन्ट्री करताना एंटर दाबत प्रत्येक रकान्यावर थांबायची त्यांची सवय मला संथ वाटायची.

यापेक्षा मोठी चूक 2020 नंतरची. टॅलीची नवी आवृत्ती, टॅलीप्राइम, आली आणि मी एका गिऱ्हाइकाला ऐन सीझनमध्ये ती चढवून दिली. कामाच्या मुख्य चाव्या तशाच होत्या, म्हणून मला काळजी वाटली नाही. पण जुन्या ईआरपी-नाइन आवृत्तीत एफ-वन दाबलं की कंपनी निवडायची, ती एफ-थ्रीवर गेली आणि एफ-वनवर मदत उघडायला लागली. क्रेडिट नोट कंट्रोल-एफ-एटवरून ऑल्ट-एफ-सिक्सवर. तिथल्या नवख्या पोराला काही वाटलं नाही, तो पट्टी वाचत काम करत होता. अडले ते अनुभवी मुनीमजी. तीन पेढ्यांचे हिशोब ते एकाच मशीनवर बघायचे, दिवसात कितीदा तरी एफ-वन दाबायचे, आणि प्रत्येक वेळी मदत उघडली की चिडायचे. ज्याच्या बोटांत जुन्या चाव्या बसल्या होत्या त्याचंच काम मी अवघड केलं. मार्च संपल्यावर बदल केला असता तर काय बिघडलं असतं? काही नाही. मला नवं दाखवायची घाई होती.

आता कुणी शिकायला आलं तर तक्ता देत नाही. शेजारी बसून त्याचं काम बघतो आणि जे तो सारखं सारखं करतोय तेवढी एकच चावी सांगतो, तीही कंट्रोल-झेड दाखवून झाल्यावर. बहुतेक जण तीही सोडून देतात आणि मी टोकत नाही. टोकायला तोंडही नाही. एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-प्लसनं ओळ घालता येते हे मी किती जणांना शिकवलं असेल, आणि स्वतः आजही राइट क्लिक करून इन्सर्ट शोधतो. परवा ऑफिसातल्या पोरीनं ते पाहिलं आणि विचारलं, "सर, कीबोर्ड खराब झालाय का?"