खांबांमधली जागा

वरळी कोळीवाड्यात शिरताना उजवी-डावीकडे दिसतात ती एकमेकांना खेटलेली घरं, त्यांच्या माथ्यावर मधूनच एखादं काळवंडलेलं कौलारू छप्पर, आणि मागे २००९ साली खुला झालेला सागरी सेतू. टोकावरचा इंग्रजांच्या काळातला किल्ला पडका असूनही वारसा म्हणून मान मिळवतो. कौलारू घराला मात्र पत्रा लागला की ते झोपडं ठरतं. हा न्याय मला पटत नाही. किल्ल्याचं सारं बळ भिंतीत असतं, लाकडी घराचं तसं नाही. तिथे भार पेलतात जोत्यावरचे खांब, तुळया, आढं आणि वासे. भिंत नुसता आडोसा. म्हणून कूड जाऊन विटा आल्या तरी घर मोडत नाही. इंग्लंडमधल्या ओकच्या सांगाड्याच्या शेतघरांतही काठ्या-मातीच्या जागी पुढे विटा भरल्या गेल्या, तरी त्यांतली कितीतरी घरं आज कायद्याने जपलेली आहेत. आपल्याला अस्सल वाटणारी मंगळुरी कौलं तरी कुठे मूळची? मंगळुरात त्यांचा कारखाना १८६५ साली निघाला.

आता लाकूड उरलंय कुठे, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. वाळवी, गळती आणि वाढतं कुटुंब यांना कंटाळून लोकांनी स्वतःहून सिमेंट निवडलं, आणि त्यांना लाकडातच राहा म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण पक्क्या झालेल्या घरांतही दारापुढची ओटी बहुतेकांनी सोडलेली नाही; जाळं दुरुस्त करायला, मासळी निवडायला, शेजारणीशी बोलायला तीच लागते. सामान बदललं, मांडणी टिकली, कारण ती होडीच्या कामाने आखलेली आहे. पुनर्विकासात विसाव्या मजल्यावरच्या खोलीचं क्षेत्रफळ दुप्पट दिलं तरी तिथे जाळं पसरता येत नाही. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून इथल्या मच्छीमारांनी भांडून दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतलं. पाण्यावर मान्य झालेला हा हिशेब जमिनीवरही लावायला हवा: पुनर्विकासाच्या नकाशात आधी ओटी, जाळी वाळवायची मोकळी जागा आणि बंदराची वाट आखावी, मजले त्यानंतर मोजावेत.