इशारा

उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्याला काही शब्द जन्मभर पुरतात. ‘खाली’ हा त्यातला एक. आमचं पोर वहीत लिहितं, ‘डबा खाली आहे’, आणि त्याला म्हणायचं असतं की डबा रिकामा आहे. दुसरा ‘राजीनामा’. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंची तडजोड, मराठीत नोकरी सोडल्याचा कागद. तिसरा शब्द ‘इशारा’. उर्दूत इशारा म्हणजे खूण, डोळ्यांनी, बोटानं किंवा मानेनं न बोलता सांगितलेली गोष्ट. मराठीतही डोळ्यांनी इशारा करतात, नाही असं नाही. पण मराठी वर्तमानपत्र उघडलं की हवामान खात्याचा इशारा असतो, संघटनेचा आंदोलनाचा इशारा असतो. म्हणजे धोक्याची सूचना. अठरा वर्षं फळ्यावर दोन रकाने आखून मी हे शिकवते आहे.

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी माझ्याच घरात या दोन रकान्यांच्या मध्ये अडकली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. अम्मी जाऊन चार वर्षं झाली. त्यामुळे बहिणीचं माहेर म्हणजे जालन्यातलं माझं घर. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, मी मोकळीच होते. मुलगी झाली. वजन दोन किलो सहाशे ग्रॅम. घरी आणल्यापासून सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, “बच्ची कित्ती गरीब है, रोतीच नहीं.” खरंच रडत नव्हती. दूध प्यायला घेतलं की चार घोट घ्यायची आणि झोपून जायची. तीन-तीन, चार-चार तास झोपायची. धाकटी टाक्यांच्या दुखण्यानं बेजार होती, तिलाही झोप मिळत होती. दिवसाला तीनच लंगोट ओले व्हायचे. मे महिन्यात धुणं कमी, म्हणून मी खूश. एका लंगोटावर विटकरी डाग दिसला, तो मी साबण लावून घासून काढला.

तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येऊन बाळ तपासतात. आमच्या गल्लीतली आशाताई माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं झोळीच्या काट्यात मुन्नीला टांगलं, दोन किलो चारशे पन्नास भरली. पहिल्या दिवसांत थोडं वजन उतरतंच, असं म्हणाली. मग जरा चाचरत म्हणाली, “मॅडम, दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा हिला. रात्रीसुद्धा.” मी हसले. “सोते बच्चे को उठाते नहीं बेटा,” असं अम्मीच्याच आवाजात म्हणाले. तिनं वाद घातला नाही. रजिस्टरात सही घेतली आणि गेली.

सातव्या दिवशी अकीका होता. मुलीसाठी एक बकरा. अंगणात देग चढली होती, न्हावी येऊन बाळाचं जावळ काढून गेला. केसांच्या वजनाइतकी चांदी दान करायची असते, म्हणून माझे यजमान ती कागदाची पुडी घेऊन सराफाकडे गेले. दोन ग्रॅमच्या आतच भरले केस. सराफानं काट्याचं झाकण बंद करून, वारा लागू न देता वजन केलं, असं परत येऊन कौतुकानं सांगत होते. तेवढ्यात आशाताई आली. घरात तीस माणसं, बाळ या हातातून त्या हातात. तिनं मुन्नीला मागून घेतलं, खिडकीपाशी नेलं, कपाळावर आणि मग पोटावर बोट दाबून पाहिलं. कातडी पिवळी दिसली. तळपायाला टिचकी मारली तरी मुन्नी धड जागी होईना. काट्यावर दोन किलो अडीचशे. जन्माच्या वजनापेक्षा साडेतीनशे ग्रॅम कमी. दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तरी काळजीनं बघायचं असतं. हे तेरा टक्क्यांच्या वर गेलं होतं. केसांचं वजन आम्ही वारा लागू न देता केलं होतं.

“मॅडम, आत्ता. जेवणं नंतर.” या वेळी ती चाचरली नाही.

रक्तात काविळीचं प्रमाण वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी जे समजावलं ते साधं होतं. दूध पोटात कमी गेलं की शी कमी होते. शीवाटे बाहेर पडायचं ते पिवळं द्रव्य अंगातच राहतं. त्यानं बाळ आणखी गुंगतं, गुंगलं की आणखी कमी पितं. म्हणजे आम्ही जिला गरीब म्हणत होतो ती उपाशी होती. रडायलाही ताकद लागते, तेवढी तिच्यात उरली नव्हती.

दोन दिवस ती निळ्या दिव्याखाली होती. डोळ्यांवर पांढरी पट्टी. धाकटी दूध काढून द्यायची आणि सिस्टर बोंडल्यानं, थेंब थेंब, गिळायला वेळ देत पाजायच्या. मी बाजूला स्टुलावर बसून तस्बीह ओढत होते. बी.एड.ची आठवण त्या स्टुलावर आली. एरिक्सनचा पहिला टप्पा: पहिल्या वर्षात बाळाचा जगावर विश्वास बसतो किंवा बसत नाही. दहा मार्कांचा प्रश्न होता तो, आणि मी पूर्ण तीन पानं लिहिली होती.

सिस्टर पन्नाशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. तिसऱ्या दिवशी मुन्नी दिव्याखालून बाहेर आली, तेव्हा त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. “नुसतं बघा. हात लावू नका.” मी बघत बसले. आधी पापण्यांच्या आत बुबुळं हलली. मग ओठ चुटपुटले. जीभ थोडी बाहेर आली. मूठ वळली आणि हळूहळू तोंडाकडे निघाली, वाटेत नाकाला धडकली. मान एका बाजूला वळली, तोंड उघडलं, जणू गालाजवळ काही शोधते आहे. या सगळ्याला सहा-सात मिनिटं लागली. अजून रडणं नव्हतंच. “आता घ्या,” सिस्टर धाकटीला म्हणाल्या. “रडणं ही शेवटची घंटा. तोवर थांबलं तर बाळाला आधी शांत करावं लागतं, मग ते नीट तोंडात धरतं. आणि अशक्त बाळ शेवटची घंटा देतच नाही. त्याला आपणच घड्याळ लावून उठवायचं.” पोट भरल्याची खूणही त्यांनी दाखवली. पिताना घट्ट वळलेली मूठ हळूहळू सैल होते, बोटं उघडतात, हात गळून खाली पडतो, आणि मग बाळ आपणहून सोडतं. मी त्या उघडलेल्या बोटांकडे बघत राहिले. दोन मुलं वाढवली मी. हे कधी पाहिलंच नव्हतं.

वाढवली असं म्हणते, पण मोठा पाच महिन्यांचा असताना मी बी.एड.ला प्रवेश घेतला. तो अम्मीपाशीच असायचा. अम्मी शाळेची पायरी चढली नव्हती, पण “कान मसलतोय, नींद आली त्याला,” असं चुलीपाशी बसून, पाठमोरी सांगायची. मी संध्याकाळी बसमधून उतरून धावत यायची. दिवसभराची ओढ असायची ना! बुरखाही न काढता त्याला उचलायची, तोंडाजवळ तोंड नेऊन टाळ्या, चुटक्या, खुळखुळा. आणि तो मान फिरवायचा. मी त्या बाजूला जायची, तो परत दुसरीकडे. मग उचक्या लागायच्या, पाठ ताणून मागे कलायचा. मी त्याला अम्मीच्या मांडीवर ठेवून मोरीत जाऊन रडायची. पोर आपल्याला ओळखत नाही, आई म्हणून नको आहे त्याला, असं वीस वर्षं माझ्या मनात राहिलं.

सिस्टरांना हे सांगितलं नाही. पण भेटायला आलेली एक बाई मुन्नीच्या तोंडासमोर चुटक्या वाजवत “इधर देख, इधर देख” करू लागली आणि मुन्नीनं मान फिरवली, तेव्हा सिस्टर सहज म्हणाल्या, “नको म्हणत नाहीये, दमलीये. मान वळवणं, उचकी, शिंक, पंजा ताठ उघडणं, हे सगळं ‘जरा थांबा’ आहे. तुम्ही गप्प राहा, ती परत बघेल.” खरंच बघितलं. अर्ध्या मिनिटानं मान आपणहून वळली. नवजात बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच जरा नीट दिसतं, म्हणजे कुशीतून आईच्या तोंडापर्यंत. तेवढ्यावर तिनं धाकटीचा चेहरा शोधला.

मी उठून बाहेरच्या नळावर तोंड धुऊन आले.

घरी आल्यावर वाद संपले असं नाही. “हर बार उठाओगे तो गोद की आदत लगेगी,” हे धाकटीच्या सासूबाईंचं म्हणणं होतं. मेरी एन्सवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1950 च्या दशकात युगांडात आणि नंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आया-बाळांच्या घरी तासन्‌तास बसून नोंदी केल्या. पहिल्या महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला लवकर प्रतिसाद मिळाला, ती वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती, असं त्यांना बाल्टिमोरमध्ये दिसलं. यावर पुढे अभ्यासकांत वादही झाले. पण मला त्या बाईंची पद्धतच जास्त आवडली. आधी दिसलं पाहिजे, मग त्याचा अर्थ बरोबर लागला पाहिजे, मग उशीर न करता आणि नेमकं तेवढंच करायला हवं. चौथ्या गोष्टीत मी वीस वर्षांपूर्वी नापास झाले होते, पहिल्या गोष्टीत आत्ता. सासूबाईंना हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना मुन्नीची मूठ दाखवली. दोन दिवसांनी त्याच स्वयंपाकघराकडे बघून ओरडल्या, “अगे, हात मुँह में डाल रही है, आ जल्दी!”

चौदाव्या दिवशी दोन किलो चारशे सत्तर. एकविसाव्या दिवशी दोन किलो सातशे. लंगोट दिवसाला आठ, दहा. मी ते मोजून दोरीवर वाळत घालायची.

शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावरची एक मुलगी पुन्हा दिसली. हजेरीला ‘हाजिर’ म्हणते, त्यापलीकडे आवाज नाही. मागच्या वर्षी तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा मीच लिहिला होता, ‘शांत व गुणी’. या वेळी तिला मराठीचा उतारा वाचायला जवळ बोलावलं. तिला ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’च काय, ‘ळ’सुद्धा ओळखता येत नव्हता. आता मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं बसतो आम्ही.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई शेवटची आली. तीन किलो चारशे. तिनं रजिस्टर मिटलं, मी चहा ठेवला. “तिसऱ्या दिवशीच मला रागावली का नाहीस गं?” मी विचारलं. ती हसली. “मॅडम, तुमच्यासमोर वर्गात तरी कोणी कधी बोललंय का?” मी काही उत्तर देणार तोच पाळण्यात मुन्नीचे ओठ हलले. मूठ निघाली, नाकाला धडकली. चहा तसाच ठेवून मी धाकटीला हाक मारली.